लागना का हात? – वाचकांची पत्रं, ताईंची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांमधली पाच पत्रं मी बाजूला काढली, कारण पाचही जणांनी आपापल्या शब्दांत एकच विचारलंय, प्रभू बोलावतोय असं वाटतं पण आत्ताच जायचं का, थोडं थांबलं तर चालेल का. नावं छापत नाहीये. ओळख पटेल असे तपशीलही काढून टाकलेत. पहिल्या पत्राचं उत्तर फार लांबलंय, पण ते लिहिताना माझीच एक जुनी गोष्ट आठवली आणि ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येईना.

प्रश्न: प्रेज द लॉर्ड ताई. मी नवापूर तालुक्यातला, वय ३४, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. नऊ वर्षांपूर्वी कन्व्हेन्शनमध्ये मी हात वर करून उभा राहिलो, प्रभू मी तुझ्या सेवेला येतो म्हणालो, रडलोही होतो. नंतर बहिणीचं लग्न आलं, मग घराचा स्लॅब, मग त्याचं कर्ज, आता पोराचं इंग्लिश मीडियम. आमचे पाळक दोन वर्षांपासून म्हणतायत की शनिवारी दुपारी शेजारच्या पाड्यावर पोरांना घेऊन बस, गोष्टी सांग, थोडा अभ्यास घे. मी दर वेळी हो म्हणतो. कर्ज फिटायला अजून दोन वर्षं आहेत, ते झालं की पूर्ण वेळ सेवेत यायचं असं ठरवलंय. पण आजकाल प्रार्थनेला बसलो की आतून काहीच वाटत नाही. देव रागावलाय का? आणि लूकच्या नवव्या अध्यायात ‘आधी मला बापाला पुरू दे’ म्हणणाऱ्या माणसाशी प्रभू इतका कठोर का बोलला?

उत्तर: भाऊ, वयाने तू माझ्या मुलाएवढा म्हणून अरेतुरे करते. देव रागावलाय असं मला तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही. मला दिसला तो मत्तयच्या २१ व्या अध्यायातला मुलगा. बाप दोन मुलांना सांगतो, आज द्राक्षमळ्यात जाऊन काम कर. एक म्हणतो मी नाही जात, पण नंतर त्याला वाईट वाटतं आणि जातो. दुसरा म्हणतो ‘जातो महाराज’, आणि जात नाही. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकली तेव्हा मला वाटायचं हा दुसरा खोटारडा आहे. आता नाही वाटत. मला वाटतं तो म्हणाला तेव्हा खरंच जाणार होता, मनापासून म्हणाला असेल, आणि हो म्हटल्यावर त्याला अर्धं काम झाल्यासारखं वाटलं असेल. नाही म्हणणाऱ्याला ते नाही टोचत राहतं, म्हणून तर तो पुढे उठून गेला. हो म्हणणाऱ्याला टोचायला काही उरतच नाही. तू दोन वर्षं पाळकांना हो म्हणतोयस ना, बघ जरा.

आता माझी गोष्ट. मी तेव्हा एका हॉस्पिटलमध्ये फिमेल वॉर्डला स्टाफ नर्स होते, नाइट ड्युटी. दिवाळीनंतरचे दिवस, ऊसतोडीच्या टोळ्या गुजरातकडे निघालेल्या, त्यातली एक बाई अॅडमिट झाली होती, अंगावरून खूप जात होतं, हिमोग्लोबिन चारच्या आत, दोन बाटल्या रक्त चढवलेलं. रात्री अडीचच्या सुमारास ती जागी होती, एका हाताला सलाइन, दुसऱ्या हाताने कॉटचा दांडा घट्ट धरलेला, आणि माझ्या एप्रनच्या खिशातलं छोटं नवा करारचं पुस्तक बघून म्हणाली, त्यात काय शे सिस्टर? मी तिला मार्कच्या पाचव्या अध्यायातली ती बाई सांगायला लागले, बारा वर्षं रक्तस्राव, होतं नव्हतं ते सगळं वैद्यांवर खर्च झालं आणि दुखणं वाढतच गेलं, मग तिने येशूबद्दल ऐकलं आणि गर्दीत घुसली, नुसत्या कपड्याला हात लागला तरी बरी होईन म्हणून. इथपर्यंत आले आणि थांबले, कारण मला झोप येत होती आणि सहा पेशंटचे चार्ट लिहायचे राहिले होते. तिने आपल्या अहिराणीत विचारलं, मग? लागना का हात? (लागला का हात?) मी म्हटलं, झोप आता, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी रात्री गेले तर त्या कॉटवर वेगळीच पेशंट. मुकादमाची गाडी सुटत होती म्हणून घरच्यांनी संध्याकाळी अंगठा देऊन तिला नेलं होतं. लॉकरवर ग्लुकोज बिस्किटाचा अर्धा पुडा राहिला होता, रबरबँड लावलेला. पंचवीस वर्षं झाली. ती जगली का वारली मला माहीत नाही, पण तिच्याजवळ गोष्ट अर्धीच आहे एवढं माहीत आहे, गर्दीत हात पुढे केलेली बाई आणि पुढे काहीच नाही. आणि पुढे तर सगळं होतं रे, हात लागला होता, ती बरी झाली होती, प्रभू वाटेत थांबून तिला ‘मुली’ म्हणाला होता. पाच मिनिटांचं काम होतं. मी नाही म्हणाले नव्हते, उद्या म्हणाले होते.

म्हणून तुला शनिवारचं विचारते. पूर्ण वेळ सेवेचं नंतर बोलू.

तू पत्राच्या शेवटी लूकच्या नवव्या अध्यायाचा संदर्भ दिलायस, ‘आधी मला बापाला पुरू दे’ म्हणणारा माणूस, आणि प्रभू इतका कठोर का बोलला असं विचारलंयस. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं असं की त्या माणसाचा बाप तेव्हा मेलेला नसावा. त्या देशात माणूस गेला की त्याच दिवशी पुरायचे, घरात प्रेत असतं तर मुलगा रस्त्यावर गुरूशी बोलत उभा राहिला नसता. म्हणजे त्याचं म्हणणं होतं, बाप आहे तोवर घर सांभाळतो, तो गेला, वाटण्या झाल्या की येतो. आपल्याकडे अगदी हेच बोलतात, फक्त बापाच्या जागी कर्ज असतं, पोरीचं लग्न असतं, रिटायरमेंट असते. आणि लगेच पुढे नांगराची गोष्ट आहे, नांगराला हात घालून मागे बघणाऱ्याची. ती समजवायला कुणी लागत नाही, माझे वडील शिंदखेड्याकडचे कोरडवाहू शेतकरी, औत धरलं की नजर समोरच्या बांधावरच्या बाभळीवर, एकदा मागे कुणाला हाक मारायला वळले की तास, म्हणजे नांगराची रेघ, वाकडं, आणि एक तास वाकडं गेलं की पुढचे सगळे त्याच्या मागे वाकडे.

त्याच वडिलांकडून शिकलेली दुसरी गोष्ट म्हणजे वापसा. पाऊस पडला, जमीन भिजली, मग चिखल ओसरून ओल बरोबर होते ते दोन-तीन दिवस, त्या दिवसांत घरात लग्न असलं तरी पेरणी व्हायची. वापसा निघून गेला की जमीन तीच, बियाणं तेच, बैलही तेच, पण वर कडक होते आणि बी उतरत नाही. तुला प्रार्थनेत काही वाटत नाही म्हणतोस ते मला असं वाटतं. इब्री लोकांच्या पत्रात म्हणूनच लिहिलंय, आज त्याची वाणी ऐकाल तर मनं कठीण करू नका. मनं आपोआप कठीण होतात भाऊ, त्यासाठी पाप करावं लागतं असं नाही, नुसतं थांबलं तरी पुरतं. प्रेषितांच्या कृत्यांच्या २४ व्या अध्यायात फेलिक्स नावाचा सुभेदार आहे. पौलाचं बोलणं ऐकून तो घाबरला, आणि म्हणाला, आत्ता जा, सवड मिळाली की बोलावतो. त्याने पुढे बोलावलं बरं का, पुष्कळदा बोलावलं, दोन वर्षं पौल तिथेच कैदेत होता, पण फेलिक्स बोलवायचा तो लाच मिळेल या आशेने. पहिल्या वेळी तो घाबरला असं लिहिलंय. पुढच्या भेटींबद्दल तसं कुठे लिहिलेलं नाही.

कर्ज फेड. हप्ता बुडवून केलेली सेवा मला मान्य नाही, लूकच्या १४ व्या अध्यायात बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करायला प्रभूनेच सांगितलंय, त्यामुळे नोकरी सोडायचा निर्णय पाळकांशी, बायकोशी बोलून दोन वर्षांनी घेतलास तर मी त्याला चालढकल म्हणणार नाही. पण शनिवार दुपार कुठल्या बँकेकडे गहाण नाहीये ना? पाड्यावरची पोरं दोन वर्षांत दोन वर्षांनी मोठी झाली, तेव्हा दहा वर्षांचा होता तो आता बाराचा, पुढच्या वर्षी आईबापाबरोबर बारडोलीला ऊस तोडायला गेला तर परत शाळेत बसेल का कुणास ठाऊक. येत्या शनिवारी जा. काही तयारी नसली तरी जा, एक गोष्ट पूर्ण सांग आणि पाढे म्हणून घे. प्रार्थनेत काय वाटतं ते मला दिवाळीला कळव.

प्रश्न: ताई, मी जळगावची, लग्न होऊन अकरा वर्षं झाली. शेजारच्या काकूंमुळे तीन वर्षांपासून नवा करार वाचते, बुधवारी त्यांच्या घरी प्रार्थनेला जाते. येशूवर माझा विश्वास बसलाय असं मला वाटतं. बाप्तिस्मा घ्यावासा वाटतो पण मिस्टर म्हणतात पुढे बघू, आणि मलाही वाटतं की मी अजून त्या लायक नाही, मुलांवर फार चिडते, सासूबाईंशी बोलताना आवाज चढतो. आधी स्वतःला सुधारते आणि मग घेते असं ठरवलंय. बरोबर ना?

उत्तर: नाही माय, शेवटचं बरोबर नाही. मिस्टरांचं आणि तुझ्या लायकीचं ही दोन वेगळी कामं आहेत, तू ती एकाच गाठोड्यात बांधली आहेस.

आधी लायकीचं. हिमोग्लोबिन वाढलं की दवाखान्यात येते असं कुणी म्हणतं का? फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी आठव, मध्यरात्री भूकंप झाला, दारं उघडली, कैदी पळाले समजून जीव द्यायला तलवार उपसली होती त्याने, आणि त्याच रात्री तिथे कैदेत असलेल्या पौल आणि सीलाच्या जखमा धुतल्या, त्याच रात्री घरच्यांसकट बाप्तिस्मा घेतला. संध्याकाळी ज्याने त्यांचे पाय खोड्यात अडकवले तो सकाळपर्यंत किती सुधारला असेल? आणि तो कूशी अधिकारी, रथात बसून यशया वाचत चाललेला, रस्त्याकडेला पाणी दिसल्यावर त्याने एवढंच विचारलं की मला काय अडचण आहे. तू तुझ्या अडचणींची यादी स्वतःच केलीस आणि स्वतःच पास-नापास ठरवतेयस. चिडणं कमी होईल, पण ते त्याच्याबरोबर राहून होईल, त्याच्या दाराबाहेर उभं राहून नाही. विश्वास ठेवायला पाणी, पाळक, तारीख काही लागत नाही, आज भाकरी टाकताना तव्यापुढे उभी राहून म्हण, प्रभू मी तुझी आहे, चिडकी आहे तशी. एवढं झालं की मुख्य गोष्टीला उशीर झाला असं मी म्हणणार नाही.

आता मिस्टरांचं. इथे मी घाई कर म्हणत नाही, आणि ह्याचं कारण आपल्या मराठी मंडळीला चांगलं माहीत आहे. नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये रेल्वेत एका अनोळखी गोऱ्या माणसाने नवा करार दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या विश्वासाबद्दल मला शंका नाही, पण लक्ष्मीबाई मागे राहिल्या, घर दुभंगलं, काही वर्षं दोघं वेगळी, आणि त्या काळात त्या बाईने काय सोसलं ते ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, ती पानं माझ्याने अजूनही कोरड्या डोळ्यांनी वाचवत नाहीत. पुढे लक्ष्मीबाई स्वतःच्या मनाने आल्या, कुणी ओढून आणलं नाही. तुझे मिस्टर नाही म्हणत नाहीयेत, पुढे बघू म्हणतायत. मग त्यांना विचार की पुढे म्हणजे कधी, आणि तुम्हाला कशाची भीती वाटते, नातेवाइकांची की मुलांच्या लग्नाची की मी बदलेन याची. अकरा वर्षांच्या संसारात हा प्रश्न एकदा नीट बसून झालाय का? मला वाटतं हेच तू टाळतेयस, आणि लायकीचं कारण त्यासाठी बरं पडतंय. लपून काही करू नकोस. बुधवारच्या प्रार्थनेला त्यांना एकदा बरोबर चला म्हण, नुसतं बसायला. बाप्तिस्म्याला सहा महिने लागले तर लागू देत, कुणाच्या दबावाने नको आणि कुणाला दुखवायला नको, पण आज रात्री जेवणं झाल्यावर बोलणं सुरू कर. सासूबाईंशीही पुढेमागे बोलावं लागेल, ते तुझं तुला कळेल.

प्रश्न: मी भुसावळचा, इंजिनिअरिंगच्या सेकंड इयरला, इलेक्ट्रिकल, हॉस्टेलला राहतो. उन्हाळ्यातल्या युथ कॅम्पपासून मला एक दिवस पण कॉलेजमध्ये बसवत नाही. पेत्र आणि अंद्रियाने लगेच जाळी सोडून दिली ना? मग मी डिग्री का पूर्ण करू? पप्पा रेल्वेत आहेत, ते म्हणतात आधी डिग्री मग काय ते कर. मला वाटतं ते मला देवापासून अडवतायत. पुढच्या महिन्यात सगळं सोडून बायबल कॉलेजला जायचं ठरवलंय.

उत्तर: बाळा, तुझं पत्र वाचून आनंद झाला, आधी ते सांगते, कारण पुढे थोडं वेगळं लिहिणार आहे.

मार्कने ‘लागलेच’ हा शब्द फार वापरलाय हे खरं, मूळ ग्रीकमध्ये तो त्याच्या सोळा अध्यायांत चाळीसेक वेळा येतो. पण पेत्राला बोलावलं तेव्हा समोर येशू उभा होता आणि मागोमाग चालायचं होतं, म्हणून जाळी सोडणं हे लागलेच करायचं काम होतं. तुझ्यासमोर लागलेच करायचं काम कोणतं आहे? तू लिहिलंयस पुढच्या महिन्यात, बायबल कॉलेज, भुसावळपासून लांब. ह्या आठवड्यात काय केलंस त्याचं पत्रात एक वाक्य नाही. हॉस्टेलमध्ये तुझ्या रूमवर कोण राहतं, त्याचं कसं चाललंय?

आपल्याकडे कापसाचं माहीत असेल तुला, कृषी खातं दर वर्षी सांगतं की १ जूनच्या आधी लावू नका, कारण आधी लावला की गुलाबी बोंडअळीला लवकर घर मिळतं आणि तिची साखळी तुटत नाही, नुकसान आपल्या एकट्याच्या शेतात राहत नाही, शेजाऱ्याच्याही जातं. कॅम्पनंतर तीन महिन्यांत सोडलेलं कॉलेज मी पाहिलंय, आणि दीड वर्षाने ना डिग्री ना सेवा अशी मुलं पाहिली आहेत, त्यांच्या आईबापांचा मग चर्चवरच राग बसतो. पौलाचं बघ, प्रेषितांची कृत्ये नवव्या अध्यायात तो दमास्कसमध्ये लगेच साक्ष द्यायला लागला असं आहे, आणि गलतीकरांच्या पत्रात तो स्वतः सांगतो की अरबस्तानात गेलो, परत दमास्कसला आलो आणि तीन वर्षांनी यरुशलेमेला गेलो. दोन्ही खरं आहे. साक्ष त्याच आठवड्यात, मोठं काम वेळ घेऊन.

चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल तुला माहीत असेल, सुरत लाइनवर स्टेशन आहे, १९४२ पासून ते चालू आहे. तिथे आलेल्या डॉक्टरांनी एमबीबीएसची साडेपाच वर्षं मध्येच सोडली असती तर आज बाळंतपणाला अडलेल्या बाईचं त्यांनी काय केलं असतं? मिशन हॉस्पिटलमध्ये जनरेटर असतो, ऑक्सिजन असतो, व्होल्टेज सारखं वरखाली होतं, आणि इलेक्ट्रिकल समजणारा विश्वासू माणूस मिळत नाही ही तक्रार मी नोकरीभर ऐकली. प्रभू तुझा हा विषय फुकट घालवेल असं मला वाटत नाही.

आणि साने गुरुजी. ते ख्रिस्ती नव्हते, पण खान्देशातला मुलगा म्हणून तुला सांगते. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवत होते, १९३० ला देशाची हाक आली तेव्हा नोकरी सोडली आणि तुरुंगात गेले. पण सोडण्याच्या आधीची सहा वर्षं बघ, छात्रालयातल्या पोरांच्या खोल्या झाडायचे, अंथरुणं आवरायचे. ज्याचा हात रोज कामात होता त्याला सोडायची वेळ आली तेव्हा जड गेलं नाही.

पप्पा तुला अडवतायत असं म्हणू नकोस. देवाच्या नावाने अर्पण केलं म्हणून आईबापाला काही न देणाऱ्यांवर प्रभू मार्कच्या सातव्या अध्यायात केवढा चिडलाय ते वाच. अलीशाला एलीयाने बोलावलं तेव्हा तो बारा जोड्यांनी नांगरत होता, त्याने आईबापांचा निरोप मागितला, बैल कापले, नांगराच्या लाकडावर मांस शिजवलं, लोकांना जेवू घातलं आणि मग निघाला. गुपचूप कुठे गेला? सुट्टीच्या दिवशी पप्पांबरोबर चहा घे, सगळं सांग, वाद घालू नकोस. आणि त्या आधी, आजच, रूममेटला विचार तू जेवलास का.

प्रश्न: ताई, हाक खरी की मनाचे खेळ, हे कसं ओळखायचं? चोपड्याहून एक बहीण.

उत्तर: शमुवेलाला तीन वेळा वाटलं एली बोलावतोय, तेव्हा गोंधळ होणं काही पाप नाही, आणि तिन्ही वेळा तो उठून एलीकडे गेला हेही बघा. बऱ्याच जणी स्वप्नाची किंवा आवाजाची वाट बघतात. पंडिता रमाबाई मुलगी होत्या तेव्हा दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली, पुढे १८९६-९७ ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि उपाशी मुली, विधवा घेऊन केडगावला आल्या, तिथे तेव्हा त्यांच्या मुक्ती मिशनची नुकतीच सुरुवात होती, सगळी सोय आधी करून मग त्या गेल्या नाहीत. भूक काय असते ते त्यांच्या अंगाला माहीत होतं म्हणून ती हाक त्यांना ऐकू आली. तुम्हाला कशाचं दुःख अंगावर माहीत आहे ते बघा, तेच दुःख जवळपास कुणाला आहे ते बघा. मी तरी असंच ओळखते.

प्रश्न: जय ख्रिस्त ताई. मी शहाद्याचा, वय ६८, एसटीत ड्रायव्हर होतो. नोकरीत असताना म्हणायचो की रिटायर झालो की प्रभूचं काम करीन. रिटायर होऊन दहा वर्षं झाली. आता गुडघे दुखतात, रात्रीचं नीट दिसत नाही. माझा जुना कंडक्टर पॅरालिसिसने दोन गल्ल्या सोडून पडून आहे, त्याच्याकडेसुद्धा दोन वर्षांत गेलो नाही, काय तोंड दाखवू असं वाटतं. पूर्वी दोघं दोंडाईच्याला थांबलो की शेव घ्यायचो, त्याला फार आवडायची. माझी गाडी सुटली का?

उत्तर: काका, मत्तयच्या २० व्या अध्यायात मळ्याचा मालक पहाटे मजूर आणायला नाक्यावर जातो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी पाचला परत जातो. सहाला काम संपणार, एका तासासाठी कोण मजूर लावतं? पण तो गेला, आणि उभ्या असलेल्यांना विचारलं इथे रिकामे का उभे, आणि पाठवलं. मजुरी देताना त्यांना सगळ्यात आधी बोलावलं. तुमचे पाच वाजलेत असं धरा. म्हणजे एक तास आहे, आणि मालक नाक्यावर आलाय.

गुडघे दुखतात तर पाड्यावर चालत जायचं काम तुमचं नाहीच. पण धडगाव, अक्कलकुव्याकडून दवाखान्यात येणारे लोक एसटी स्टँडवर उतरले की घाबरून जातात हो, सिकलसेलचं पोर कडेवर, कागदांची पिशवी, कोणत्या खिडकीला जायचं माहीत नाही. तुम्हाला रस्ते माहीत, गाड्या माहीत, बोलायची सवय. टीबीचे पेशंट सहा महिने गोळ्या घेतात, दोन महिन्यांत बरं वाटायला लागलं की सोडतात आणि दुखणं परत उलटतं, त्यांना कुणीतरी रोज फोन करून विचारलं की गोळी घेतली का, एवढ्याने पुष्कळ जण टिकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन निक्षय मित्र, म्हणजे टीबीच्या पेशंटला मदत करणारा, व्हायचंय म्हणा, पोषण आहाराची मदत एकट्याला झेपली नाही तर मंडळीतले चार-पाच जण मिळून करा. रात्री दिसत नाही तर नका जाऊ रात्री, फोन दिवसा लागतो.

पण हे सगळं उद्यापासून. आज कंडक्टर. तोंड काय दाखवू हे लिहिलंत तिथे माझे डोळे भरले, कारण मलाही एका कॉटपाशी परत जायचं होतं आणि तिथे ती बाई नव्हती. तुमचा माणूस अजून आहे, दोन गल्ल्यांवर आहे. काही बोलायची तयारी करू नका, बायबल न्यायचं तर न्या, नाही नेलं तरी चालेल, त्याच्या बाजूला बसा आणि दोन वर्षं आलो नाही, चुकलं, असं सरळ म्हणा. त्याला बोलता येत नसेल तर तुम्ही दोंडाईच्याच्या फेऱ्यांबद्दल बोला. हे वाचून झालं की चप्पल घाला. शेव घेऊन जा, पण पॅरालिसिसमध्ये गिळायला त्रास होतो, घशात अडकतं, म्हणून आधी वहिनींना विचारा, आणि चालत असेल तर घट्ट वरणात चांगली मऊ भिजवून, त्याला उशीला टेकवून बसतं करून, चमच्याने थोडी थोडी द्या.